सौरऊर्जा कोणाच्या छपरावर?

१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी जाणाऱ्या आपल्या लाखो बांधवांना पुणे-नगर रस्ता नव्याने सांगायला नको. या रस्त्यावर खराडी सोडली की वाघोली लागते. पूर्वी वाघोली म्हटले की दगडखाणी, खडी क्रशर आणि खाणीच्या कडेला पाल टाकून राहणारे वडार बांधव एवढेच डोळ्यांसमोर येत असे. पुण्यातील कितीतरी इमारती, रस्ते आणि पूल ज्या खडीवर उभे आहेत ती खडी या पट्ट्यातील माणसांनी फोडलेली आहे. त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेला खाणीवरच ‘पाषाण शाळा’ काढाव्या लागल्या, कारण नेहमीची शाळा खाणीपर्यंत पोहोचत नव्हती. आता चित्र पालटले आहे. बकोरी फाटा, केसनंद फाटा, डोमखेल रस्ता, जिकडे पाहावे तिकडे अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि फार्मसीची महाविद्यालये, वसतिगृहे आणि पंधरा-वीस मजली सोसायट्या. जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली, त्यात वाघोलीही शहरात आली. शहरात आली म्हणजे काय झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आज विचार करायचा आहे तो या महाविद्यालयांचा आणि विजेचा. शासनाच्या स्वच्छ ऊर्जेच्या आणि वीजबचतीच्या धोरणाला विद्यापीठांनी हातभार लावावा असे दिल्लीपासून गल्लीपर्यंत सर्वजण सांगतात. या हातभाराचा ठरलेला नमुनाही आहे. महाविद्यालयाच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे, १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी विद्यार्थ्यांची फेरी काढायची, एक राष्ट्रीय परिसंवाद घ्यायचा आणि ‘नॅक’च्या समितीपुढे ऊर्जा तपासणीची फाईल ठेवायची. पॅनेलला माझा विरोध नाही. परंतु आपल्या गच्चीवर पॅनेल लावून आपले बिल कमी करणे ही संस्थाचालकाची काटकसर झाली. कोणताही शहाणा कारखानदार तेच करतो. त्याला शासकीय धोरणाला केलेले साहाय्य म्हणायचे असेल तर ते धोरण जिथे अडले आहे तिथे जाऊन हात लावावा लागेल. आणि ते अडले आहे महाविद्यालयाच्या कुंपणभिंतीपलीकडच्या पत्र्याच्या खोलीत.

धोरणे कमी नाहीत. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, २०२२ मध्ये तो सुधारला गेला. त्या कायद्याखाली २००२ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो काम करतो, फ्रीज-पंख्यावरचे तारे तोच देतो. २०१५ पासून स्वस्त एलईडी दिवे वाटले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत बिजली योजना’ आली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट, ७५ हजार कोटींहून अधिक तरतूद, एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिला ‘स्मार्ट’ नावाच्या योजनेची जोड दिली. त्यात एक किलोवॅटसाठी दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाने स्वतःचे अडीच हजार रुपये भरायचे, महिन्याला शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाने पाच हजार आणि इतरांनी दहा हजार. कागदावर ही योजना चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे. गरिबाचा वाटा कमी ठेवावा एवढी जाण शासनाला आली.

पण या सर्व योजनांमध्ये एक माणूस गृहीत धरलेला आहे. त्याच्या डोक्यावर स्वतःचे पक्के छप्पर आहे, त्याच्या नावाचा मीटर आहे आणि त्याच्या पेटीत सर्व कागद आहेत. वाघोलीच्या वस्तीत या तिन्ही अटी पूर्ण करणारा माणूस मला शोधून दाखवावा. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, तो उडू नये म्हणून त्यावर दगड आणि जुने टायर. एका किलोवॅटच्या पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट सपाट, भक्कम जागा लागते. तो पत्रा आणि खालचे पाईप पॅनेलचे वजन पेलणार नाहीत, हे सांगायला अभियंता लागत नाही. शिवाय खोली भाड्याची. मीटर मालकाच्या नावावर. मग ‘सूर्यघर’ कोणाचे?

मीटरची ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण वरवर ती क्षुल्लक वाटते आणि प्रत्यक्षात गरिबाच्या खिशाला सर्वांत मोठे भोक तीच पाडते. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी, पुढे तीनशेपर्यंत अधिक, पुढे पाचशेपर्यंत आणखी अधिक, पाचशेच्या वर सर्वांत जास्त. जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावे, हे तत्त्व न्याय्य आहे. आता एका मालकाच्या दहा खोल्या धरा. प्रत्येक खोलीत एक दिवा, एक पंखा, मोबाईलचा चार्जर, कुठे टीव्ही. खोलीमागे महिन्याला साठ युनिट. प्रत्येकाचा स्वतंत्र मीटर असता तर सर्वच्या सर्व सहाशे युनिट सर्वांत कमी दराने आकारले गेले असते. परंतु मीटर एकच. त्यामुळे सहाशेपैकी फक्त पहिल्या शंभर युनिटांना कमी दर लागतो आणि उरलेली पाचशे युनिटे वरवरच्या टप्प्यांत जातात. म्हणजे एक दिवा आणि एक पंखा वापरणारा बिगारी कामगार वातानुकूलित बंगल्याच्या दराने वीज विकत घेतो! वर मालक खोलीमागे ठोक रक्कम किंवा युनिटमागे स्वतःचा दर लावतो. तो दर कोणत्याही आयोगाने ठरवलेला नसतो. स्वतंत्र मीटर घेतले तर प्रत्येकाला स्थिर आकार वेगळा भरावा लागेल हे खरे, पण म्हणूनच हे गणित कोणीतरी खोलीनिहाय मांडून दाखवले पाहिजे. कोण मांडणार? आणि शंभर युनिटांच्या आत असलेल्या ग्राहकाची ‘स्मार्ट’ योजना या माणसाला कशी लागू होणार? शासनाच्या दफ्तरी तो ग्राहकच नाही. दफ्तरी तेथे सहाशे युनिटे जाळणारा एक श्रीमंत माणूस राहतो.

वीजबचतीचेही तसेच आहे. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवीन बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला बारा तास चालवला तर महिन्याला सोळा युनिटांचा फरक पडतो. ज्याचा एकूण वापर साठ युनिट आहे त्याला हा चौथा हिस्सा झाला. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवरही तारांकन सक्तीचे झाले. पण वस्तीतला पंखा दुकानातून येतो कुठे? तो जुन्या बाजारातून येतो, दोनदा रिवायंडिंग झालेला. चांगला पंखा हजार-बाराशे रुपयांनी महाग पडतो आणि हे हजार रुपये एकदम हातात नसणे यालाच गरिबी म्हणतात. कार्यक्षम वस्तू श्रीमंताकडे आणि वीज खाणारी वस्तू गरिबाकडे, अशी ही उलटी व्यवस्था आहे. त्यात उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि तोच पंखा रात्रभर गरम हवा फिरवतो.

हे सर्व मी ऊर्जातज्ज्ञ म्हणून लिहीत नाही. कायद्याचा माणूस म्हणून भाडेकरूंचे दावे हाताळताना लाईट बिलाच्या चिठ्ठ्या पाहिल्या, त्यावरून लिहितो. आणि विजेचा प्रश्न आपल्या चळवळीचा नाही असे ज्यांना वाटते त्यांनी महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा दहावा खंड उघडावा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयावरील धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले त्यात वीज खाजगी हाती द्यावी की शासनाने चालवावी, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, हे प्रश्न त्यांनी थेट उपस्थित केले. वीज नसेल तर उद्योग नाही आणि उद्योग नसेल तर शेतीवर लटकलेल्या कोट्यवधी लोकांची दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले, दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया याच काळात घातला गेला. पुढे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. डॉ. सुखदेव थोरात यांनी बाबासाहेबांच्या जल आणि वीज धोरणावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. तेच थोरात सर २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. असे असूनही अभियांत्रिकीच्या मुलाला चार वर्षांत एकदाही सांगितले जात नाही की या देशाच्या वीज धोरणाच्या पहिल्या शिल्पकारांत बाबासाहेब आहेत. त्याला ते फक्त २६ नोव्हेंबरला, तेही हार घालण्यापुरते भेटतात.

आता विद्यापीठाने वस्तीत जाऊन काय होते, याचे उदाहरण शोधायला परदेशात जायची गरज नाही. ते पुण्यातच आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे आवारात निरंतर आणि प्रौढ शिक्षण विभाग होता. १९९० च्या सुमारास या विभागातील पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी आणि बायांसाठी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. या बाया कोण, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यातील बहुसंख्य आपल्याच, मातंग आणि बौद्ध समाजातील. शिकवायला गेलेल्या प्राध्यापिकांना लवकरच कळले की प्रश्न अक्षरांपुरता नाही. मग त्या बायांबरोबर पहाटे फिरल्या, किती किलो माल निघतो, काय भाव मिळतो, पोलीस कुठे अडवतात, सगळे पाहिले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. महापालिकेने या कष्टकऱ्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ मध्ये त्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी महापालिकेने घरोघरच्या कचऱ्यासाठी करार केला. एका विद्यापीठाच्या एका छोट्या विभागाने शहराचे धोरण बदलले! त्यासाठी त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, परदेशी निधीचा डोंगर नव्हता. त्यांनी जाऊन मोजले आणि मोजलेले कागदावर आणून महापालिकेपुढे ठेवले.

हे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने दिले, कारण ते विजेच्या विषयाबाहेरचे नाही. भंगारातून ॲल्युमिनियम परत बनवायला खनिजापासून बनवण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणजे उकिरड्यावरून डबे वेचणारी आपली आई ऊर्जाबचतीचे काम कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून करते आहे. तिला कोणताही तारा मिळालेला नाही.

आणखीही दाखले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पाणी, ऊर्जा, वाहतूक अशा स्थानिक प्रश्नांचा अभ्यास करून जिल्हा प्रशासनाला द्यावा, ही त्यामागची कल्पना आयआयटी मुंबईतून आली. त्याच आयआयटीने ग्रामीण विद्यार्थ्यांना १२० रुपयांत सौर अभ्यासदिवा देण्याचा दहा लाख दिव्यांचा प्रकल्प केला, त्यात दिवे जोडणे आणि दुरुस्त करणे हे काम गावातल्या लोकांनाच शिकवले. २०२३ मध्ये तेलंगणाने थंड छपरांचे धोरण आणले, त्यामागे हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधनाचा हात होता. पांढरा परावर्तक थर दिला की छप्पर कमी तापते, ही साधी गोष्ट विद्यापीठाने मोजून दाखवली आणि शासनाने नियम केला. अमेरिकेत तर शासनाने १९७६ पासून विद्यापीठांत केंद्रे चालवली, जिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्राध्यापकांसह लहान कारखान्यांत जाऊन विजेची फुकट तपासणी करून देतात. विद्यार्थी शिकतो, कारखानदाराचे पैसे वाचतात आणि शासनाला खरी आकडेवारी मिळते. आपल्या वाघोलीच्या मुलाकडे क्लॅम्प मीटर आहे, मोबाईल आहे, दुचाकी आहे. वस्ती अर्ध्या किलोमीटरवर आहे. कमी काय आहे?

काही काळापूर्वी संविधान दिनाच्या व्याख्यानासाठी अशाच एका महाविद्यालयात गेलो होतो. कार्यक्रम झाल्यावर मला कौतुकाने गच्चीवर नेऊन पॅनेलच्या रांगा दाखवण्यात आल्या. कठड्यावरून खाली पत्र्याची वस्ती दिसत होती. मी विचारले, त्या वस्तीसाठी तुमची मुले काय करतात? उत्तर मिळाले, आम्ही पाच गावे दत्तक घेतली आहेत. गावे चाळीस किलोमीटरवर! केंद्र शासनाच्या ‘उन्नत भारत अभियाना’त दत्तक घ्यायची ती गावे, आणि वाघोली २०२१ पासून शहर. त्यामुळे भिंतीला लागून असलेली वस्ती ना गावात मोडते ना अभियानात. नियमाचे असे पालन केले की माणूस आपोआप वगळला जातो.

दुसरे कारण सांगितले जाते ते अभ्यासक्रमात वेळ नसल्याचे. हे आता टिकणारे नाही. नवीन शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये जो श्रेयांकांचा आराखडा ठरवला, त्यात क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण आणि समाज सहभाग यांना श्रेयांक आहेत. विद्यार्थी हे श्रेयांक मिळवण्यासाठी कुठेतरी फोटो काढून अहवाल जोडतातच. त्याऐवजी पाच अभियांत्रिकीच्या मुलांबरोबर दोन विधी शाखेची मुले द्यावीत आणि एक वस्ती नेमून द्यावी. विधी शाखेची मुले कशासाठी, असे कोणी विचारेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम ४ विद्यापीठे आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रे चालवण्याबाबत बोलते. ती केंद्रे बहुतेक ठिकाणी एका कुलूपबंद खोलीवरची पाटी आहेत. ती उघडण्यासाठी यापेक्षा चांगले काम कोणते?

वस्तीतला विजेचा प्रश्न अर्धा तारेचा आणि अर्धा कागदाचा आहे. वीज कायदा, २००३ चे कलम ४३ म्हणते की जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला तर वितरण कंपनीने वीजपुरवठा केला पाहिजे. भोगवटादार हा शब्द महत्त्वाचा आहे. भाडेकरू भोगवटादार आहे. तरीही मालकाचे ना-हरकत पत्र आणा म्हणून त्याला परत पाठवले जाते, आणि मालक ते देत नाही, कारण भाडेकरूच्या नावावर मीटर आला की त्याच्या वास्तव्याचा पुरावा तयार होतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट केले की वीज ही मूलभूत सोय आहे, आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. २०२४ मध्ये रणजितसिंह प्रकरणात याच न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ आणि २१ खालचा हक्क मानला. निकाल आहेत, ते वस्तीत कोणी वाचून दाखवलेले नाहीत.

२०२१ मध्ये महावितरणने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना’ आणली. १४ एप्रिल ते ६ डिसेंबर असा कालावधी, पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. नाव आणि तारखा आपल्याला भावणाऱ्या होत्या. पण अर्जाला जातीचा दाखला हवा, रहिवासाचा दाखला हवा, त्या जागेवर आधीची थकबाकी नको आणि परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा चाचणी अहवाल हवा. विदर्भ-मराठवाड्यातून कामासाठी आलेला माणूस ही चार कागदे पुण्यात कुठून जमा करणार? शिवाय योजना अनुसूचित जाती-जमातींसाठी. ज्या वडारांनी वाघोलीचा दगड फोडला ते कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतात. त्यामुळे क्रशरला उच्च दाबाची वीज आणि क्रशरच्या कामगाराला योजनेतून नकार! हे शासनाच्या नजरेस आणून देण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या सर्वेक्षणाने सहज झाले असते. समाजमंदिरापुढे, वस्त्यांत उभे केलेले सौर पथदिवे पाहा. बॅटरी गेली की दिवा कायमचा गेला, खांब तेवढा राहतो. रस्त्यांचे आणि पुलांचे त्रयस्थ तांत्रिक परीक्षण शासन अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून करून घेते, त्यासाठी फीदेखील देते. वस्तीतल्या सौरदिव्याचे परीक्षण का करून घेत नाही?

राहिला छपराचा प्रश्न. त्यालाही उत्तर आहे. एका जागी पॅनेल बसवून त्यातून तयार होणारी वीज दुसऱ्या ठिकाणच्या अनेक ग्राहकांच्या बिलात वजा करायची, याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत २०१९ पासून त्याचे नियम आहेत आणि ‘सूर्यघर’ योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही ही पद्धत धरलेली आहे. हिशेब करून पाहा. पन्नास कुटुंबे, प्रत्येकी साठ युनिट, म्हणजे महिन्याला तीन हजार युनिट. एक किलोवॅट पॅनेल पुण्याच्या उन्हात दिवसाला सरासरी चार, म्हणजे महिन्याला एकशेवीस युनिट देते. पंचवीस किलोवॅट पुरे झाले. त्याला जागा अडीच हजार चौरस फूट. वाघोलीतील कोणत्याही महाविद्यालयाच्या एका इमारतीची गच्ची याहून मोठी आहे. पन्नास घरांचे मीटर आधी स्वतंत्र झाले पाहिजेत, अनुदान आणि कर्जाची जुळणी झाली पाहिजे, आयोगाच्या नियमांत बसवले पाहिजे. हे सर्व किचकट आहे. पण किचकट काम सोडवण्यासाठीच तर विद्यापीठे असतात. आणि ही महाविद्यालये खाजगी असली तरी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि राज्याची शिक्षण शुल्क प्रतिपूर्ती यांच्या रूपाने सरकारी तिजोरीतला पैसा त्यांच्याकडे दरवर्षी जातो. त्या पैशावर आपला हक्क फक्त प्रवेशापुरता नाही.

या हरित रोजगारात आपली मुले कुठे आहेत, हेही पाहिले पाहिजे. गच्चीवर पॅनेल चढवणारी, उन्हात स्क्रू पिळणारी पोरे आपली. एजन्सी कोणाची? एजन्सीला नोंदणी, बँक हमी आणि भांडवल लागते. २०१५ पासून केंद्राचे ‘सूर्यमित्र’ प्रशिक्षण आहे, ते हातात पाना देते. दुकानाची चावी देत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी हीच पॅनेल्स भंगारात निघतील. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचाही समावेश झाला आहे. ते भंगार फोडायला कोण जाणार, हे आत्ताच ठरवले नाही तर जातिव्यवस्था ते ठरवून देईलच.

लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ बाबासाहेबांच्या नावाचे आहे. मराठवाड्याच्या विद्यापीठाला ते नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ या काळात आपल्या लोकांनी घरे जळताना पाहिली आणि प्राण दिले. या दोन विद्यापीठांनी तरी पहिल्याप्रथम वस्तीनिहाय वीज सर्वेक्षण श्रेयांकांत धरावे, अशी मागणी विद्यार्थी संघटनांनी अधिसभेत लावून धरली पाहिजे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ऊर्जा अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, ‘महाऊर्जा’चे मुख्यालय पुण्यात आहे, ‘बार्टी’ पुण्यात आहे. ‘बार्टी’चे समतादूत गावोगाव फिरतात, तिची अधिछात्रवृत्ती घेऊन शेकडो मुले पीएच.डी. करतात. त्यातील दहा जणांना तरी ‘अनुसूचित जातींच्या वस्त्या आणि ऊर्जा’ हा विषय द्यावा. साहित्यातील आंबेडकरी जाणिवांवर आपण पुष्कळ प्रबंध लिहिले, आता थोडे लाईट बिलावरही लिहू.

वाघोली, खराडी, लोणीकंद भागातील भाडेकरू बांधवांना एक सूचना. मालक दर महिन्याला लाईटच्या पैशांची जी चिठ्ठी देतो ती फेकू नका. तारीख टाकून ठेवा. चिठ्ठी देत नसेल तर पैसे फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहील. भाडेकराराची प्रत, आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि मुलाच्या शाळेचा याच पत्त्याचा दाखला एका पिशवीत ठेवा. नवीन मीटरच्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर दाद मागणे अवघड जाते.